चष्म्याला नंबर नसतो

जानेवारी २०१७मध्ये जॉन कार्पेंटर या अमेरिकन दिग्दर्शकावर जरा चमत्कारिक वेळ आली. २८ वर्षांपूर्वी काढलेल्या आपल्याच सिनेमाचा अर्थ त्याला चारचौघांत समजावून सांगावा लागला. सिनेमाचं नाव ‘दे लिव्ह’. त्यात एका बेघर मजुराच्या हाती काळा चष्मा लागतो. तो डोळ्यांवर चढवला की जाहिरातींच्या फलकांमागचा खरा मजकूर दिसायला लागतो: आज्ञा पाळा, खरेदी करा, झोपून राहा. नोटेवर लिहिलेलं असतं, ‘हा तुमचा देव.’ रस्त्यावरून हिंडणारी काही सुखवस्तू माणसं ही माणसं नसून कवटीसारख्या तोंडाचे परग्रहवासी आहेत, हेही त्या चष्म्यातून कळतं. कार्पेंटरचा रोख राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळातल्या पैशाच्या हव्यासावर होता. इंटरनेटवरच्या नवनाझींनी मात्र परस्पर ठरवून टाकलं, की हे परग्रहवासी म्हणजे ज्यू. शेवटी कार्पेंटरने ट्विटरवर खुलासा केला, की हा सिनेमा बेलगाम भांडवलशाहीवर आहे आणि ज्यूंविषयी जे पसरवलं जातंय ती बदनामी आहे, खोटं आहे.

लोकांनी भलतंच वाचलं तर त्यात कलाकृतीचा काय दोष, असं म्हणून विषय संपवता येईल. मला तो तिथे संपवावासा वाटत नाही, कारण हे एकदाच घडलेलं नाही. १९९९च्या ‘द मेट्रिक्स’मधली लाल गोळी आठवा. भासमान जगातून माणसाला जागं करणारी ती गोळी आज स्त्रीद्वेष्ट्या ऑनलाइन टोळक्यांचा परवलीचा शब्द झाली आहे. ‘गोळी घेतली’ म्हणजे जगावर खरं राज्य बायकांचं आहे हे ‘कळलं’. या सिनेमाच्या दोन्ही दिग्दर्शिका ट्रान्स स्त्रिया आहेत, हे या मंडळींच्या गावीही नसतं. २०२०मध्ये काही बड्या लोकांनी ट्विटरवर या गोळीचा मिरवत उल्लेख केला, तेव्हा दोघींपैकी लिली वाचोव्स्कीने त्यांना सरळ शिवी हासडली.

मला खोट त्या चष्म्यातच दिसते. त्याला नंबर नाही. कुणाच्याही नाकावर तो नीट बसतो, कारण तो एवढंच सांगतो: बाकी सगळे झोपेत आहेत, तू तेवढा जागा आहेस, आणि त्यांना झोपवणारे मूठभर लोक कुठेतरी लपलेले आहेत. ते मूठभर म्हणजे कोण, ती रिकामी जागा ज्याची त्याने भरायची. डाव्याने भांडवलदार भरावा, उजव्याने विद्यापीठातले प्राध्यापक भरावेत, वंशद्वेष्ट्याने त्याला हवी ती जमात भरावी. सिनेमा असतो प्रचाराच्या विरोधात, पण जाताना प्रेक्षकाच्या हातावर नेमकी तीच वस्तू ठेवून जातो, जी प्रचारकाला सर्वांत आधी लागते: आपण काही फसलेलो नाही, ही खात्री.

म्हणून माझं म्हणणं असं, की डिस्टोपियन, म्हणजे भयाण काल्पनिक राजवट दाखवणाऱ्या, सिनेमाची परीक्षा त्यातला हुकूमशहा किती भयानक आहे यावरून करू नये. प्रेक्षकाला तो कुठल्या खुर्चीत बसवतो, यावरून करावी. बहुतेक सिनेमे आपल्याला नायकाशेजारी बसवतात. फसलेले असतात ते समोरचे, रांगेत उभे राहिलेले. फार थोडे सिनेमे आपल्याला त्या रांगेत उभं करतात, आणि तसं केल्याबद्दल त्यांना बहुधा शिव्याच खाव्या लागतात.

आधी त्या रांगेचंच बघू. डिस्टोपियन सिनेमातला प्रचार ओळखायला अगदी सोपा असतो. भला थोरला पडदा, त्यावर एक चेहरा, समोर एकसारख्या कपड्यांतली माणसं. जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरचा मायकेल रॅडफर्डचा ‘१९८४’ सुरूच होतो अशा सभेत. द्वेषाची दोन मिनिटं चालू आहेत आणि पडद्यावरच्या शत्रूकडे बघून माणसं घसा फुटेस्तोवर किंचाळताहेत. त्यात विन्स्टन स्मिथ झालेला जॉन हर्ट दोन दशकांनी ‘व्ही फॉर व्हेंडेटा’मध्ये पडद्याच्या पलीकडे गेला. तिथे तोच हुकूमशहा, आणि त्याचं अवाढव्य तोंड भिंतभर पसरून हाताखालच्यांवर खेकसत असतं. नटाची ही निवड मला फार खट्याळ वाटते. पण खेकसणाऱ्या चेहऱ्याची ही प्रतिमा इतकी तयार आणि इतकी निरुपद्रवी होऊन बसली होती, की रॅडफर्डचा सिनेमा झळकण्याआधीच, २२ जानेवारी १९८४ रोजी, रिडली स्कॉटने तिच्यावर एक जाहिरात बेतली. एक तरुणी धावत येते, हातोडा भिरकावते, पडदा फुटतो. मग कळतं की ॲपल कंपनीचा नवा संगणक बाजारात येतोय. दे लिव्हमधल्या चष्म्यातून ही जाहिरात पाहिली असती तर मागे ‘खरेदी करा’ हेच दिसलं असतं.

मुळात खरा प्रचार सहसा खेकसत नाही. प्रचार हा शब्दही किती सालस आहे बघा. उमेदवार प्रचार करतो, लसीकरणाचाही प्रचार होतो. युरोपातला ‘प्रोपगंडा’ हा शब्दसुद्धा पोपने १६२२मध्ये धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या मंडळाच्या नावातून आला; त्यात कुणाला काही काळंबेरं वाटत नव्हतं. शब्द बदनाम झाला विसाव्या शतकात, पण काम करण्याची रीत सालसच राहिली. १९३३मध्ये नाझींनी जर्मनीत ‘लोकांचा रेडिओ’ आणला. किंमत ७६ मार्क, तिथल्या इतर रेडिओंच्या मानाने स्वस्त. मॉडेलचा क्रमांक होता ३०१, हिटलर ज्या दिवशी चॅन्सेलर झाला त्या ३० जानेवारीची आठवण म्हणून. ‘१९८४’मध्ये सरकार प्रत्येकाच्या भिंतीत टेलिस्क्रीन बसवतं आणि तो बंद करता येत नाही. जर्मन माणसाने मात्र आपला रेडिओ दुकानात जाऊन, पैसे मोजून, हौसेने घरी आणला. त्यावर भाषणं लागायची तशी गाणीही लागायची, आणि गाणी ऐकायला बसलेल्या माणसाचा रेडिओ भाषण सुरू झालं तरी चालूच राहायचा. सिनेमाच्या बाबतीतही तेच. नाझी राजवटीत हजारावर कथापट निघाले. त्यांतल्या उघड प्रचारपटांचा वाटा छोटा होता. बहुसंख्य होते विनोदी, प्रेमाचे, गाण्यांचे. मनोरंजनाआडून गेलेली गोष्ट अधिक खोल जाते, हे गोबेल्सला पक्कं कळलेलं होतं. त्याच्यावर बेतलेल्या पडद्यावरच्या खलनायकांना ते अजून कळलेलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच हयातीतलं आहे. रवांडात जुलै १९९३मध्ये एक खासगी रेडिओ केंद्र सुरू झालं. सरकारी रेडिओच्या कंटाळवाण्या सुरापुढे हे केंद्र ताजंतवानं वाटायचं. झकास संगीत, निवेदकांच्या गप्पा, थट्टामस्करी, श्रोत्यांशी सलगी. याच केंद्रावरून तुत्सी जमातीच्या लोकांना ‘झुरळं’ म्हटलं गेलं, आणि १९९४च्या कत्तलीत कोण कुठे लपलंय हेही सांगितलं गेलं. २००३मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने केंद्राच्या चालकांना दोषी ठरवलं. या केंद्रावर सिनेमा काढायचा तर डिस्टोपियाची सगळी नेपथ्यरचना अडगळीत टाकावी लागेल. तिथे मोठा पडदा नव्हता, रांगा नव्हत्या. श्रोता हसत होता.

हे साधलेला एक सिनेमा माझ्या नजरेसमोर आहे, आणि तोही प्रचाराविषयी आहे असं सहसा कुणी म्हणत नाही. अल्फोन्सो कुआरोनच्या २००६च्या ‘चिल्ड्रेन ऑफ मेन’मध्ये २०२७चं लंडन आहे. माणसांना मुलं व्हायची थांबली आहेत, निर्वासितांना पिंजऱ्यांत कोंडलं जातंय. पण हे सगळं कॅमेऱ्याच्या मधोमध कधी येत नाही. नायक कॉफी घ्यायला जातो, मागे टीव्हीवर बातमी चालू असते. तो गाडीत बसतो, डब्यातल्या पडद्यावर जगभरच्या शहरांची राखरांगोळी दिसते आणि शेवटी वाक्य येतं, की ब्रिटन तेवढा पाय रोवून उभा आहे. शांतपणे आत्महत्या करण्यासाठीच्या सरकारमान्य औषधाची जाहिरात लागते. स्टेशनावर पिंजऱ्यातली म्हातारी काहीतरी सांगत असते आणि लोक घड्याळ बघत पुढे जातात. पहिल्यांदा बघताना आपलंही लक्ष नायकावरच असतं, म्हणजे आपणही तिच्यासमोरून तसेच पुढे जातो. विचारसरणी म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच असते. तिची घोषणा होत नाही, ती पार्श्वभूमीला असते. जे मुद्दाम सांगावं लागतं त्यावर वाद तरी घालता येतो.

डिस्टोपियन सिनेमाची एक लाडकी अंधश्रद्धा आहे. तिला मी ‘एकदा खरं कळू दे’ म्हणतो. दे लिव्हमध्ये नायक टीव्ही केंद्राच्या छतावरचा अँटेना उडवतो आणि क्षणात सगळ्यांना परग्रहवासी दिसू लागतात. १९८७च्या ‘द रनिंग मॅन’मध्ये नायकाला खुनी ठरवणारी चित्रफीत कापून जोडलेली असते. मूळ फीत प्रक्षेपित होते आणि त्याच्या रक्ताला चटावलेला प्रेक्षक पटकन त्याच्या बाजूला येतो. (एरवी हा सिनेमा भलताच दूरदर्शी आहे. दुसऱ्याच्या धडावर संगणकाने चेहरा चिकटवून खोटा मृत्यू दाखवण्याची युक्ती त्यात आहे, आणि निर्दय सूत्रसंचालकाच्या कामासाठी त्यांनी खराखुरा गेम शोचा सूत्रसंचालक आणला होता.) ‘व्ही’मध्येही टीव्ही केंद्रावर ताबा, एक भाषण, आणि वर्षभराने मुखवटे घालून रस्त्यावर उतरलेले लोक. सगळीकडे गृहीत धरलेलं एकच: लोक गप्प आहेत कारण त्यांना माहीत नाही. वायर जोडा, काम झालं.

प्रत्यक्षात माहिती असणं आणि मन बदलणं यांत किती अंतर असतं? १० ऑक्टोबर १९७२ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने पहिल्या पानावर छापलं, की वॉटरगेटची, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतली, घरफोडी हा राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या फेरनिवडीसाठी चाललेल्या हेरगिरीच्या आणि घातपाताच्या मोठ्या मोहिमेचा भाग होता. चार आठवड्यांनी मतदान झालं आणि निक्सनने ५०पैकी ४९ राज्यं जिंकली. त्याने पद सोडलं ते ऑगस्ट १९७४मध्ये. त्या दोन वर्षांत न्यायालयं, सेनेटची चौकशी समिती, ध्वनिफितींसाठीची झटापट, हे सगळं सावकाश, कंटाळवाणेपणाने चालू होतं. खरं छापून आलं तो दिवस त्या गोष्टीचा शेवट नव्हता, जेमतेम सुरुवात होती. सिनेमाला हे दाखवणं जड जातं. दोन तासांत उत्कर्षबिंदू हवा, आणि उडवायला मनोरा असला की काम सोपं होतं. समितीच्या बैठका उडवता येत नाहीत.

ही अंधश्रद्धा १९७६मध्येच एका सिनेमाने मोडीत काढली होती. सिडनी लुमेटच्या ‘नेटवर्क’मध्ये नोकरीवरून काढलेला वृत्तनिवेदक थेट प्रक्षेपणात मनातली जळजळ ओकून टाकतो. आता काय होईल? वाहिनी त्याला गप्प करेल? छे. त्याचा प्रेक्षकवर्ग वाढलेला बघून वाहिनी त्याला स्वतंत्र कार्यक्रम देते. तो लोकांना खिडक्या उघडून संताप ओरडायला सांगतो, लोक ओरडतात, आणि त्या ओरडण्याच्या मधल्या वेळात जाहिराती विकल्या जातात. पुढे त्याचे आकडे घसरतात तेव्हा त्याला ठार मारतात, आकडे घसरले एवढ्याच कारणासाठी. सत्तेला सत्य दडपावंच लागतं असं नाही. त्याला चांगली वेळ दिली, दिवे-संगीत दिलं, तरी पुरतं. पटकथाकार पॅडी चायेफ्स्कीच्या डोक्यात भविष्यकाळ नव्हता, तो आपल्या आजूबाजूच्या टीव्हीविषयीच लिहीत होता. म्हणूनच तो सिनेमा अजून शिळा झालेला नाही, असं मला वाटतं.

आता ज्या सिनेमाने प्रेक्षकाला थेट रांगेत उभं केलं आणि त्यासाठी मार खाल्ला, त्याकडे येतो. पॉल व्हर्होवनचा ‘स्टारशिप ट्रूपर्स’, १९९७. देखणी, निरोगी, बिनडोक तरुण मंडळी सैन्यात भरती होतात आणि अंतराळातल्या महाकाय किड्यांशी लढतात. मधूनमधून सरकारी बातमीपट येतात. सैनिकांच्या गराड्यात गणवेश घातलेलं पोर ‘मीही माझा वाटा उचलतोय’ म्हणतं आणि सगळे कौतुकाने हसतात. शाळकरी मुलं रस्त्यावरचे किडे चिरडतात, बाई टाळ्या पिटतात. प्रत्येक बातमीशेवटी पडद्यावर प्रश्न येतो: ‘अधिक जाणून घ्यायचंय?’ म्हणजे माहिती दडवणारं हे सरकार नव्हे. विचाराल तेवढी देईल. फक्त ज्या उल्केने एक अख्खं शहर बेचिराख केलं ती खरंच किड्यांनीच पाठवली का, हे त्या बातमीपटांवाचून कळायला आपल्यापाशी दुसरा मार्ग ठेवलेला नाही.

मी पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तेव्हा मला तो साधासुधा मारधाडीचा वाटला. मजा आली. शेवटाकडे किड्यांचा बुद्धिमान सेनापती जिवंत पकडला जातो. काळ्या लांब कोटातला एक तरुण अधिकारी त्याच्या लिबलिबीत अंगावर हात ठेवतो, डोळे मिटतो, आणि मग ओरडतो, ‘तो घाबरलाय!’ शेकडो सैनिक जल्लोष करतात. मीही खूश झालो. बऱ्याच वर्षांनी पुन्हा बघताना त्या कोटाकडे लक्ष गेलं. तो हिटलरच्या एसएस दलाच्या कोटासारखा शिवलेला होता. आणि मग लक्षात आलं, की एका बांधलेल्या जीवाला भीती वाटते आहे या बातमीवर मी त्या वेळी आनंदलो होतो. मला कुणी पट्टी बांधली नव्हती, भिंतीवरून कुणी खेकसलं नव्हतं. छान चेहरे, छान संगीत, आणि शत्रू किडा. तेवढं पुरलं होतं.

व्हर्होवनचं बालपण नाझींनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये गेलं. हिटलरच्या मेळाव्यावरच्या लेनी रिफेनश्टालच्या माहितीपटातल्या चौकटी त्याने उघडउघड उचलल्या होत्या. त्याचा अख्खा सिनेमा म्हणजे त्या काल्पनिक राजवटीने स्वतःसाठी काढलेला प्रचारपटच आहे, बाहेरून टिप्पणी करणारं त्यात कुणीही नाही. तेव्हाच्या बऱ्याच समीक्षकांनी मात्र दिग्दर्शकालाच फॅसिस्ट ठरवलं. कुणीतरी शहाणं पात्र मध्ये येऊन ‘हे बरोबर नाही हं’ म्हणालं असतं तर सगळ्यांचं समाधान झालं असतं. पण मग आपल्याला पुन्हा चष्मा मिळाला असता. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो खोटा नाही: ज्यांना उपहास कळतच नाही ते हा सिनेमा बघून किडे मारायलाच शिकतील. शिकलेही असतील. दोन्ही बाजूंनी धोका आहे, आणि मला विचाराल तर चष्मा वाटत सुटण्यापेक्षा व्हर्होवनचा धोका पत्करावा.

त्रुफोच्या १९६६च्या ‘फॅरनहाइट ४५१’ची गंमत निराळी. पुस्तकांवर बंदी असलेल्या जगातला हा सिनेमा, म्हणून श्रेयनामावली लिहिलेली नाही, बोलून दाखवली आहे, आणि तेव्हा पडद्यावर दिसतात ओळीने घरांवरचे टीव्हीचे अँटेना. सगळे लोक पुस्तकं जाळणाऱ्या ज्वाळांची आठवण काढतात. मला आठवते नायकाची बायको लिंडा. भिंतीवरच्या टीव्हीत एक कौटुंबिक नाटक चालू असतं आणि त्यातली पात्रं मधेच वळून विचारतात, ‘लिंडा, तुझं काय मत?’ लिंडा थरारते, काहीतरी उत्तर देते, आणि पात्रं म्हणतात, बरोबर. नायक तिला सांगतो, अगं, देशातल्या सगळ्या लिंडांना हे विचारलं असणार. तिला फरक पडत नाही. तिला विचारलं गेलं, हेच तिला पुरेसं आहे. तिच्यावर कुणीही मत लादलेलं नाही, उलट तिचं मत मागितलं. आपल्या हातातल्या फोनवर दिवसातून किती वेळा असं विचारलं जातं, ते मोजायच्या भानगडीत मी पडणार नाही.

बंडखोरांच्या प्रचाराकडे मात्र हा सिनेप्रकार सहसा बघतच नाही. प्रचार वाईटांचा, सत्य चांगल्यांचं, अशी वाटणी पक्की असते. ती मोडायला बालकुमारांसाठीची म्हणून हिणवली गेलेली एक मालिका यावी लागली. ‘द हंगर गेम्स’च्या २०१४मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात लढाई जवळपास नाहीच, आहे ती चित्रफिती बनवण्याची खटपट. बंडखोरांना नायिका कॅटनिसला आपलं प्रतीक करायचं आहे. स्टुडिओत तिला पोशाख चढवतात, मागे खोटा धूर सोडतात, तोंडी घोषणा देतात, आणि ती इतकं लाकडी बोलते की बघवत नाही. मग कुणीतरी विचारतं, ही मुलगी खरोखर हलवून गेली ती कधी? उत्तर येतं, तिला कुणी पढवलं नव्हतं तेव्हा. म्हणून तिला कॅमेऱ्यासह जखमींनी भरलेल्या इस्पितळात पाठवतात. तिच्या डोळ्यांदेखत त्या इस्पितळावर बॉम्ब पडतात. ती कॅमेऱ्याकडे वळून जे बोलते ते शंभर टक्के खरं असतं. रात्री त्याच खऱ्या रागाला संगीत आणि बोधचिन्ह लावून फीत तयार होते, आणि ती उत्तम होते. सत्य आणि प्रचार यांच्यात भिंत असते अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा प्रसंग पुन्हा बघावा. खरी वेदना हा प्रचाराचा सर्वोत्तम कच्चा माल असतो, आणि बाजू न्याय्य असली तरी कारखाना तसाच चालतो. पुढच्या भागात बंडखोरांची नेती काय रूप घेते, तेही या कारखान्याला शोभणारंच आहे.

माध्यमांची सत्ता म्हणजे पडद्यावर कोण बोलतो हे नव्हे, पडदा कुणाच्या मालकीचा आहे हे. हा भाग सिनेमात सहज येत नाही, पण सिनेमाच्या इतिहासात तो जागोजागी पडलेला आहे. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ हा या प्रकाराचा मूळपुरुष, १९२७चा. त्यात यंत्राची बाई कामगारांना भडकवते. सिनेमावर इतका खर्च झाला की आधीच कर्जात असलेली ऊफा ही कंपनी आणखी खोलात गेली. त्याच वर्षी ती विकत घेतली आल्फ्रेड हुगेनबर्गने. त्याच्याकडे वर्तमानपत्रं होती, वृत्तसंस्था होती, आता सिनेमाही आला. १९३३मध्ये हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात हा हुगेनबर्ग मंत्री होता. पडद्यावर यंत्राची बाई लोकांना चिथावत होती, आणि पडद्यामागे एक गृहस्थ खरेदीखतावर सही करत होता. दुसऱ्या दृश्यात नाट्य नाही, म्हणून त्यावर सिनेमा निघत नाही.

१९५४चा ‘ॲनिमल फार्म’ हा कार्टूनपट घ्या. ऑर्वेलच्या मूळ पुस्तकाच्या शेवटी जनावरं खिडकीतून आत बघतात आणि त्यांना डुकरं कोण नि माणसं कोण हे ओळखता येत नाही. जुने मालक आणि नवे मालक एकाच माळेचे मणी. कार्टूनपटात मात्र माणसं त्या दृश्यातून गायब झाली, आणि जनावरांनी डुकरांविरुद्ध उठाव केला. पैसा सीआयएचा होता, हे पुढे उघड झालं. ऑर्वेल तोवर वारला होता. प्रचाराविरुद्धच्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध गोष्टीचा शेवट एका गुप्तहेर संस्थेला सोयीचा करून दाखवला गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो बघितला. पुस्तकं जाळणारे अग्निशमन जवान दाखवण्यापेक्षा हे जास्त सिनेमायोग्य आहे, असं मला उगीच वाटत राहतं.

सेन्सॉरचंही तसंच. पीटर वॉटकिन्सने १९६५मध्ये बीबीसीसाठी ‘द वॉर गेम’ केला. ब्रिटनवर अणुबॉम्ब पडला तर काय होईल, याचं माहितीपटाच्या शैलीतलं चित्रण. बीबीसीने तो दाखवला नाही. कुणी फीत जाळली नाही, कुणाला पकडलं नाही. प्रसारणासाठी तो फार भीषण आहे, एवढंच सभ्यपणे सांगितलं. त्याला ऑस्कर मिळालं, पण ब्रिटिश टीव्हीवर तो आला १९८५मध्ये. वीस वर्षं एक वाक्य पुरलं.

आणि ते मुखवटे. ‘व्ही’मधला, ब्रिटिश संसद उडवायच्या जुन्या कटातल्या गाय फॉक्सचा मुखवटा घालून २०११मध्ये जगभर लोक बड्या बँका आणि कंपन्यांविरुद्ध चौकात बसले. त्या मुखवट्याचे हक्क टाइम वॉर्नरकडे होते. अधिकृत मुखवटा विकला गेला की कंपनीला तिचा वाटा पोचत होता. यावर हसून बऱ्याच जणांनी विषय मिटवला. मीही बरीच वर्षं तेच करत होतो: बघा, बंडसुद्धा दुकानात मिळतं, झालं.

आता तितका ठाम राहिलेलो नाही, आणि त्याचं कारण थायलंड. २२ मे २०१४ रोजी तिथे लष्कराने सत्ता घेतली. काही दिवसांतच लोक रस्त्यावर हंगर गेम्समधली तीन बोटांची सलामी देताना दिसले. काही जण सार्वजनिक ठिकाणी नुसते ऑर्वेलचं ‘१९८४’ उघडून वाचत बसले, आणि त्यावरूनही धरपकड झाली. सलामी दिलीत तर अटक होईल, असं अधिकाऱ्यांनी बजावलं. या लेखात आतापर्यंत जे म्हटलं त्याप्रमाणे ही सलामी कुचकामी ठरायला हवी होती. मोठ्या स्टुडिओचा माल, त्यात नायिकेशेजारी बसवलेला प्रेक्षक, कुणीही कुठेही वापरावी अशी खूण.

पण ती चष्म्यासारखी नव्हती. तिने कुणाला काही दाखवून दिलं नाही, कुठलं गुपित फोडलं नाही. सत्ता कुणाच्या हातात आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सत्ता घेऊन पंतप्रधान झालेले जनरल प्रयुत नोव्हेंबरात खोन केन शहरात भाषण करत होते, तेव्हा समोर पाच विद्यार्थी उठून उभे राहिले. वरचे शर्ट काढले, आत लष्करी सत्ता नको असं लिहिलेले टी-शर्ट होते. आणि बोटं वर केली. आपल्याला आता उचलून नेतील हे त्यांना माहीत होतं, सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं, भाषण करणाऱ्यालाही माहीत होतं. त्यांना नेलं. त्याच आठवड्यात हंगर गेम्सचा नवा भाग प्रदर्शित झाला, आणि बँकॉकमधल्या एका चित्रपटगृह-मालिकेने त्याचे सगळे खेळ रद्द केले.